भाऊसाहेब निंबाळकर आणि वहीवाले काका

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'काहीतरी ऐतिहासिक' लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आमच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो हा की, जयपुरातील मराठी माणसाने इतिहास म्हणून लिहावे तरी काय? मराठे आणि जयपूर दरबार यांच्या संबंधांवर विद्वानांनी लिहिले आहे आणि ते संबंध सणावाराला आठवावेत इतके गोडीगुलाबीचे नव्हते. मंडळाच्या स्थापनेचा वृत्तान्त याच अंकात अन्यत्र येत आहे. तेव्हा आम्ही मंडळाच्या एका फडताळात पडलेल्या नऊ वह्यांचा इतिहास सांगावयाचे योजिले आहे. त्या वह्या ज्यांनी लिहिल्या ते गृहस्थ डिसेंबर २०२४ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मालवीय नगरातील आपल्या राहत्या घरी निवर्तले. आपण सारे त्यांना 'वहीवाले काका' म्हणत होतो आणि हयातभर प्रसिद्धीपासून दूर राहिलेल्या त्या माणसाला छापील नावापेक्षा तेच संबोधन रुचले असते, म्हणून येथेही आम्ही तेच योजीत आहोत.

जुन्या सभासदांना सांगावयास नको, पण गेल्या दहा वर्षांत पुणे, नागपूर, इंदूर येथून बदलीवर आलेल्या तरुण कुटुंबांसाठी प्रथम हे सांगितले पाहिजे की, आपल्या मंडळात दर हिवाळ्यात एक खेळ चालत असे. रणजी करंडकाचे सामने सुरू होण्यापूर्वीच्या रविवारी काकांच्या गच्चीवर आठ-दहा मंडळी जमत. प्रत्येकाने देशभरातील रणजी खेळाडूंतून आपला अकरा जणांचा संघ कागदावर मांडावयाचा. एक खेळाडू दोन संघांत येता कामा नये, म्हणून चिठ्ठ्या टाकून पाळी ठरे. मग हंगामभर त्या त्या खेळाडूने प्रत्यक्ष मैदानावर केलेली प्रत्येक धाव एक गुण, प्रत्येक बळी वीस गुण आणि प्रत्येक झेल दहा गुण या हिशेबाने तुमच्या खात्यावर जमा. काका वर्तमानपत्रांतील त्रोटक धावफलक कापून घेत, ते वहीत चिकटवीत आणि दर पंधरवड्याला बेरजा वाचून दाखवीत. अखेरीस जो सर्वांत मागे राही त्याने सर्वांना कांद्याच्या कचोऱ्या आणि चहा द्यावयाचा. याहून मोठे द्रव्य या खेळात कधी गुंतले नाही.

आज मोबाइलवर याच धर्तीचे खेळ सर्वांना ठाऊक आहेत. त्यांत पैसा शिरला, घरे बुडाली आणि अखेर २०२५ साली संसदेला पैशांच्या अशा खेळांवर बंदीचा कायदा करावा लागला. परंतु या खेळाचे मूळ असे नव्हते. अमेरिकेत १९८० साली डॅनियल ओक्रेंट नावाच्या एका लेखक-संपादकाने आपल्या मित्रांसह न्यूयॉर्कमधील एका फ्रेंच भोजनगृहात बसून बेसबॉलचे असेच कागदी संघ मांडले. त्या भोजनगृहाच्या नावावरूनच तो खेळ 'रोटिसरी' म्हणून ओळखला जाऊ लागला. आपल्या गच्चीवरील मंडळींना त्या भोजनगृहाची वार्ता असण्याचे कारण नव्हते. खेळाच्या आकड्यांवर प्रेम करणारी आणि मैदानापासून दूर पडलेली माणसे जगात कोठेही बसली, तरी बहुधा याच वाटेने जात असावीत.

आणखी एक गोष्ट काकांना फार आवडे. बेसबॉलचा धावफलक वर्तमानपत्रात छापण्याची पद्धत ज्याने रूढ केली तो हेन्री चॅडविक हा इंग्लंडात १८२४ साली जन्मलेला आणि अमेरिकेत प्रथम क्रिकेटची वार्तापत्रे लिहिणारा गृहस्थ होता. "म्हणजे मूळ चोपडी आपलीच," असे काका म्हणत. या 'आपली'त इंग्लंडचा समावेश ते इतक्या सहजतेने करीत, की कोणी हरकत घेत नसे.

या खेळाचा एक कायदा काकांनी पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे : 'संघ आपला, धावा त्यांच्या.' संघात कोणाला घ्यावयाचे हे कल्पनेचे राज्य. तेथे तुम्ही बादशहा. पण धावांचा आकडा मात्र मैदानावर जो लागला तोच. त्यात एका धावेचीही भर नाही, घट नाही. हा कायदा वाचावयास सोपा आहे. तो पाळणे किती कठीण, हे समजण्यासाठी भाऊसाहेब निंबाळकरांची कथा ठाऊक असावी लागते.

भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर यांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापुरात झाला. रणजी करंडकात ते बडोद्याकडून खेळले, महाराष्ट्राकडून खेळले, इंदूरच्या होळकर संघाकडून खेळले, आणि पुढे आपल्या या राजस्थानच्या संघाकडून व रेल्वेकडूनही खेळले. नोकरी आणि आश्रय जिकडे नेईल तिकडे जाणाऱ्या त्या काळच्या खेळाडूचे हे जीवन आपणा बदलीवाल्यांना फारसे अनोळखी वाटू नये. होळकरांच्या संघाची तर गोष्टच वेगळी. कर्नल सी. के. नायडूंच्या हाताखालील त्या संघात मुश्ताक अली, सरवटे, जगदाळे, भांडारकर अशी मंडळी होती. १९४५-४६ च्या हंगामात म्हैसूरविरुद्ध त्यांनी ८ बाद ९१२ धावांवर डाव सोडला आणि त्या एका डावात सहा जणांनी शतके काढली. त्या सहांत सर्वांत मोठे शतक निंबाळकरांचे, १७२ धावांचे. के. व्ही. भांडारकरांचे १४२ होते. हे दोघे पुढे पुन्हा भेटावयाचे होते.

ती भेट १९४८ सालच्या डिसेंबरात पुण्याच्या पूना क्लबच्या मैदानावर झाली. १६ डिसेंबरला महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा रणजी सामना सुरू झाला. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राचा एक गडी बाद झाल्यावर निंबाळकर आणि भांडारकर एकत्र आले आणि त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. भांडारकर २०५ वर गेले. हा दुसऱ्या गड्याचा जागतिक विक्रम १९७४ पर्यंत टिकला. निंबाळकर खेळतच राहिले. तिसऱ्या दिवशी विश्रांतीची वेळ झाली तेव्हा फलकावर महाराष्ट्र ४ बाद ८२६ आणि निंबाळकर नाबाद ४४३ असे आकडे होते. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील तोवरची सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या सर डोनाल्ड ब्रॅडमन यांची नाबाद ४५२. ती त्यांनी जानेवारी १९३० मध्ये सिडनीला केली होती. नऊ धावा केल्या की बरोबरी, दहा केल्या की विक्रम, आणि फलंदाज पाय रोवून उभा.

त्या विश्रांतीनंतर खेळ पुन्हा सुरू झालाच नाही. काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब होते. आपल्या संघाची एवढी धुलाई झाली, तिच्यावर आता जागतिक विक्रमाची मोहोर उमटावी हे त्यांना मानवले नाही. त्यांनी सामना सोडून दिला आणि काठेवाडचा संघ मैदानावरून परतला. सामना महाराष्ट्राला मिळाला. दहा धावा मात्र कोणालाच मिळाल्या नाहीत.

संस्थानिकांच्या हाती खेळाची सूत्रे असल्याने हे घडले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आम्ही पूर्णपणे आवरत नाही. तथापि ज्या होळकर दरबाराने या मराठी फलंदाजांना पोसले तोही संस्थानिकांचाच दरबार होता, आणि राजस्थानच्या क्रिकेटचा पायाही राजेरजवाड्यांनीच घातला, हे जयपुरात बसून विसरणे बरे नव्हे. दातृत्व आणि लहर ही एकाच गादीवर शेजारी शेजारी बसत, एवढेच म्हणू.

काकांनी या डावाचा हिशेब वहीत मांडला आहे. निंबाळकर ४९४ मिनिटे, म्हणजे आठ तास चौदा मिनिटे, खेळले. त्यांनी ४९ चौकार आणि एक षटकार मारला. त्या २०२ धावा वजा केल्या तर २४१ धावा उरतात, म्हणजे त्या धावून काढल्या. बावीस यार्डांच्या हिशेबाने ते अंतर ५,३०२ यार्ड, तीन मैलांच्या किंचित वर. 'याशिवाय भांडारकरांच्या व इतरांच्या धावांसाठी धावले ते वेगळे,' अशी टीप आहे. आमची उभी हयात हिशेब-तपासणीच्या खात्यात गेली, पण इतकी सुंदर टीप आमच्या हातून कधी लिहिली गेली नाही.

आता एक तारखेचा योग पाहा. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात कसोटी सामने खेळत होता. मुंबईची दुसरी कसोटी १३ डिसेंबरला संपली आणि कलकत्त्याची तिसरी ३१ डिसेंबरला सुरू झाली. या दोहोंच्या मध्ये, मुंबईपासून अवघ्या शे-सव्वाशे मैलांवर, एका फलंदाजाने ४४३ धावा केल्या. कलकत्त्याच्या संघात तो नव्हता. मद्रासच्या संघात नव्हता. मुंबईच्या पाचव्या कसोटीतही नव्हता, जेथे ३६१ धावांचा पाठलाग करताना भारत ८ बाद ३५५ पर्यंत पोचला आणि विजय सहा धावांनी हुकला. निवड समितीचा पक्षही सांगितला पाहिजे. हजारे, मोदी, अमरनाथ, फडकर, अधिकारी अशी फलंदाजांची फळी तेव्हा भक्कम होती आणि रुसी मोदींनी तर त्या मालिकेत ५६० धावा केल्या. शिवाय पुण्याच्या खेळपट्टीवर त्या हंगामात धावांचा सुकाळच होता. त्याच मोसमात पुण्यालाच झालेल्या मुंबई-महाराष्ट्र सामन्यात मुंबईने ६५१ व ७१४ आणि महाराष्ट्राने ४०७ व ६०४ अशा मिळून २,३७६ धावा झाल्या. ही एका प्रथम दर्जाच्या सामन्यातील जागतिक उच्चांकी बेरीज होय. तेव्हा 'पुण्याच्या धावा स्वस्त' असे कोणी म्हटले असेल, तर त्याला अगदीच आधार नव्हता असे नाही. पण मग स्वस्ताईतही दुसऱ्या कोणाला ४४३ का करता आल्या नाहीत, या काकांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला आजतागायत सुचलेले नाही.

निंबाळकर कसोटी सामना कधीच खेळले नाहीत. राष्ट्रकुल संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी काय ती त्यांच्या वाट्याला आली. प्रथम दर्जाच्या ८० सामन्यांत ४,८४१ धावा, सरासरी ४७.९३ आणि १२ शतके, ही त्यांची शिदोरी. ब्रॅडमन यांनी पत्र पाठवून त्या खेळीचे कौतुक केले आणि भारतीय क्रिकेट मंडळाने पुढे, उतारवयात, कर्नल नायडूंच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. विक्रमाचे म्हणाल तर हनीफ महंमद यांनी १९५९ साली कराचीत ४९९ धावा केल्या आणि पाचशेवी घेताना ते धावबाद झाले. १९९४ साली ब्रायन लाराने नाबाद ५०१ केल्या. पण भारतीय फलंदाजाची सर्वोच्च खेळी म्हणून ४४३ हा आकडा पाऊणशे वर्षांनंतरही जागचा हललेला नाही. चारशेच्या पलीकडे जाऊनही कसोटी न खेळलेला जगातील एकमेव फलंदाज, हे दुःखद बिरुद २०२२ पर्यंत त्यांच्या एकट्याच्या नावे होते. त्या वर्षी इंग्लंडात सॅम नॉर्थईस्ट याने नाबाद ४१० केल्या आणि निंबाळकरांना सोबत मिळाली.

काकांचे बालपण पुण्याचे. त्या सामन्याच्या वेळी ते आठ वर्षांचे होते. आम्ही १९९८ साली जयपुरात आलो तेव्हा मंडळात अशी समजूत रूढ होती की, काकांनी तो डाव डोळ्यांनी पाहिला. गणेशोत्सवातील एका कार्यक्रमात सूत्रसंचालकांनी तसे जाहीरही केले. काका तेव्हाच उठले आणि भर सभेत म्हणाले, "दुरुस्ती. मी पाहिलेला नाही. शनिवारी सकाळची शाळा होती. मामांबरोबर संध्याकाळी गेलो तेव्हा मैदान रिकामे होते. फळ्यावर आकडे होते, तेवढे पाहिले." सभा हसली. काका हसले नाहीत.

दर वर्षी पाडव्याच्या बैठकीत मंडळाचा 'सार्वकालिक भारतीय संघ' मतदानाने ठरे. गावसकर, तेंडुलकर, मंकड, हजारे यांवर वाद होत आणि मिटत. काका मात्र तिसऱ्या क्रमांकावर निंबाळकरांखेरीज कोणाचेही नाव लिहीत नसत. निवड समितीला जे सुचले नाही ते आपल्या हातात आहे, तर का करू नये, असे त्यांचे म्हणणे. एका वर्षी कोणी उत्साही सभासद म्हणाले, "काका, संघ कागदीच आहे, मग त्या दहा धावाही देऊन टाकू. ४५३ लिहा. कोणाचे काय जाते?" काका म्हणाले, "त्यांना संघात घेणे हे आपले मत. मत काहीही असू शकते. पण ४५३ ही साक्ष झाली, आणि ती खोटी होईल. राजकोटच्या ठाकोरांनी त्यांच्या दहा धावा नेल्या. आपण खोट्या दहा घातल्या तर खऱ्या ४४३ वर कोण विश्वास ठेवणार?"

हे ऐकताना आम्ही मान डोलावली होती. पण पुढच्याच हंगामात तोच काटा आमच्या अंगावर आला. २०१० सालच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या कागदी संघातील एका फलंदाजाच्या धावा काकांच्या गैरहजेरीत आम्ही वहीत चढविल्या होत्या आणि ४३ च्या जागी १४३ लिहिल्या. चूक घाईची होती, असे आम्ही तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. पण बैठकीत काकांनी लाल शाईने तो आकडा खोडला, शेजारी कात्रण ठेवले आणि सर्वांदेखत एवढेच म्हणाले, "तुम्ही तर तपासणीस." त्या तीन शब्दांनी आम्ही दुखावलो. चिरंजीवांच्या वयाच्या मुलांसमोर असा उपमर्द! आम्ही गच्चीवर जाणे सोडले. मंडळात भेट झाली तर नमस्कार होई, बोलणे नाही. मालवीय नगरातील आमची घरे दोन गल्ल्यांच्या अंतरावर होती, आणि भाजी घ्यावयासही आम्ही वाट वाकडी करून जात असू.

वाट वाकडी करणाऱ्याचे काय निसटते, हे आता लिहिताना लाज वाटते. पुढचाच, म्हणजे २०१०-११ चा हंगाम राजस्थानच्या क्रिकेटचा सुवर्णकाळ ठरला. नोव्हेंबरात येथे जयपुरातच, के. एल. सैनी मैदानावर, हैदराबादचा संपूर्ण संघ २१ धावांत बाद झाला. ही रणजी करंडकातील नीचांकी धावसंख्या. दीपक चाहर या पहिलाच सामना खेळणाऱ्या पोराने दहा धावांत आठ बळी घेतले. नवखा असल्याने त्याला कोणीच आपल्या कागदी संघात घेतले नव्हते आणि ते एकशे साठ गुण कोणाच्याच खात्यावर चढले नाहीत. गच्चीवर त्या दिवशी हसून हसून पुरेवाट झाली, असे आम्हाला दुसऱ्याकडून कळले. जानेवारीत राजस्थानने बडोद्यात बडोद्याला मागे टाकून रणजी करंडक जिंकला. आठ वेळा अंतिम सामन्यात हार पत्करलेल्या प्रांताचे हे पहिले अजिंक्यपद, आणि त्या संघाचा कर्णधार पुण्याचा हृषीकेश कानिटकर! पुढील वर्षी त्याच्याच नेतृत्वाखाली राजस्थानने करंडक राखलाही. मराठी माणसाने जयपुरात पेढे वाटावेत असा याहून दुसरा प्रसंग कोणता? काकांनी वाटले. आमच्या घरी पुडा आला तो मुलाच्या हाती आला. आम्ही परत पाठविला नाही, पण आभारही मानले नाहीत.

१२ डिसेंबर २०१२ च्या सकाळी थंडी कडाक्याची होती. साडेसातच्या सुमारास फाटक वाजले. गळ्याभोवती मफलर गुंडाळलेले काका दारात उभे. हातात वही आणि वर्तमानपत्र. आत आले, बसले, आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाले, "भाऊसाहेब काल गेले. कोल्हापूरला. आज त्र्याण्णव पूर्ण झाली असती. एक दिवस राहिला." मग थोडे थांबून म्हणाले, "याही वेळी थोडक्यात."

वही उघडून त्यांनी १९४८ चे ते पान आमच्यापुढे ठेवले. हात थरथरत होते. "तारीख तुम्ही लिहा," ते म्हणाले, "अक्षर तुमचे चांगले आहे." आम्ही लिहिली. दोनदा ताडून पाहून लिहिली. आमच्या सौभाग्यवतींनी चहा आणला तेव्हा आम्हा दोघांनाही बोलता येत नव्हते आणि त्या समजूतदार बाईने काही विचारलेही नाही. त्या सकाळी आमच्यातील अबोला संपला. लाल शाईच्या खोडीचा विषय पुढे बारा वर्षांत एकदाही निघाला नाही, आणि तो आकडा बरोबर खोडला होता हे आम्ही त्यांना कधी सांगितलेही नाही. ते येथे लिहून ठेवतो.

पुढील वर्षांत गच्चीवरील मंडळी कमी होत गेली. काही निवृत्त होऊन पुण्या-नागपूरकडे गेली, काही कायमची गेली. सामन्यांचे सारे आकडे मोबाइलवर क्षणात दिसू लागले, तरी काका कात्रणे चिकटवीतच. कोणी विचारले तर म्हणत, "फोन दाखवितो, वही ठेवून घेते." ऑक्टोबर २०२४ मध्ये जमलेल्या बैठकीस आम्ही केवळ सहा जण होतो. काकांची प्रकृती ढासळलेली. खाली खुर्चीवर बसूनच त्यांनी आपला संघ सांगितला. त्यांनी विदर्भावर भर दिला होता. फिरकी गोलंदाज म्हणून हर्ष दुबे आणि फलंदाज म्हणून यश राठोड. आम्ही हसलो. काकांचे नागपूरप्रेम म्हणजे जावई नागपूरचा म्हणून, अशी थट्टाही झाली.

त्या वर्षी रणजीचे सामने दोन टप्प्यांत झाले आणि मधल्या रिकाम्या काळात, डिसेंबरात, काका गेले. तेराव्याला त्यांच्या कन्येने नऊही वह्या आमच्या हाती दिल्या. नवव्या वहीत निम्मा हंगाम भरलेला, निम्मी पाने कोरी. हिशेब अर्धवट सोडणे आमच्या खात्याच्या रक्तात नाही. जानेवारीत सामने पुन्हा सुरू झाले तेव्हा आम्ही काकांचे खाते चालू ठेवले आणि कात्रणे त्यांच्याच डिंकाच्या बाटलीने चिकटविली.

विदर्भाने त्या वर्षी केरळविरुद्धचा नागपूरचा अंतिम सामना पहिल्या डावाच्या आघाडीवर अनिर्णित राखून तिसऱ्यांदा करंडक जिंकला. यश राठोडने ९६० धावा केल्या, त्या हंगामातील सर्वाधिक. हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, आणि एका रणजी हंगामात इतके बळी त्यापूर्वी कोणीही घेतलेले नव्हते. या दोघांचे गुण कागदावर चढविताना आम्ही बेरीज तीनदा केली.

पाडव्याच्या बैठकीत आम्ही ती वाचून दाखविली. काका दुसरे आले होते. पहिल्या आलेल्या सभासदाच्या मागे चौदा गुणांनी. क्षणभर सारे गप्प बसले. मग पहिले आलेले गृहस्थच म्हणाले की, या वर्षापुरते काकांना पंधरा गुण द्यावेत, आपली काहीच हरकत नाही. आणखी दोघांनी अनुमोदन दिले. एका वहिनींच्या डोळ्यांत पाणी होते.

आम्ही पहिल्या वहीचे पहिले पान उघडून त्यांच्यासमोर ठेवले. मग नवव्या वहीत काकांच्या नावापुढे 'दुसरा क्रमांक' असे लिहिले, खाली रेघ मारली आणि तारीख घातली. कचोऱ्या त्या दिवशी आमच्याकडून होत्या. आम्ही शेवटचे आलो होतो.